कोतवालची जागल

राजूर, १२ नोव्हेंबर २००५

प्रिय मामा,
सप्रेम जयभीम.

फोनवर तुम्हाले ऐकू येत नाही अन् तुमच्या पोराजवळ, विक्कीजवळ, निरोप दिला तं तो अर्धाच पोचते, म्हणून पत्र लिहून राह्यली.

इकडं सगळं बरं आहे, एक सोडून. तो एक म्हणजे तुमचा कोतवाल.

तुम्ही कळंबचं वावर ठेक्यानं देऊन विक्कीकडं यवतमाळले राहायले गेले, तिथं घरमालकीण कुत्रा ठेवू देत नाही म्हणून त्याले आमच्या क्वार्टरवर आणून सोडलं. तवा मीच मोठ्या तोंडानं म्हटलं होतं, राहू द्या मामा, घराले राखण होईल. तेच आता माह्या अंगाशी आलं.

तो दिवसभर भुकते. फाटकासमोरून कोळशाचा ट्रक गेला, भुकला. दूधवाला आला, भुकला. कोणाच्या घरचं भांडं पडलं, भुकला. अन् आमच्या कॉलनीत डुकरं मोकळी फिरतात, ते दिसले की तं याच्या अंगातच येते. फाटकावर उडी मारते, पाठीवर पडते, उठते, पुन्हा मारते. माह्या अंगणवाडीतली लेकरं दुपारपर्यंत दमून झोपतात, हा काही दमत नाही. दोरीवरचे कपडे ओढून त्याच्यावर कोळशाचे पंजे उमटवते ते वेगळंच.

कपड्याचं मी सहन करीन. पण आमच्या भिंतीले भिंत लागून घनश्याम राहते. छत्तीसगडचा आहे, खुल्या खाणीत डंपर चालवते. त्याले नाइट शिफ्ट लागली आहे. सकाळी येते, जेवते अन् झोपते, अन् तवाच याचं सुरू होते. माणूस चांगला. इतके दिवस तोंडातून शब्द काढला नाही. काल पहिल्यांदा फाटकापाशी आला, डोळे लालभडक. म्हणे, "भाभी, मैं रात में गाड़ी चलाता हूँ. ऐसे ही नींद खराब होती रही तो किसी दिन गाड़ी समेत खदान में जाऊँगा." मले खाली पाहायची वेळ आली.

तुमचे जावई 'चूप, चूप' म्हणून ओरडतात. लग्न झाल्यापासून माह्यावर कधी एवढे ओरडले नाही. तुम्ही वावरात याले कसे गप्प करत होते ते लवकर कळवा.

तुमची
ममता


यवतमाळ, १९ नोव्हेंबर

भाचीबाई ममता,
तुले अन् यशवंत जावईबापूले जयभीम.

तुह्यं पत्र सूनबाईनं वाचून दाखोलं, मंग म्या चष्मा लावून सोता वाचलं. मले तं हासूच आलं. अवं, कोतवाल भुकते म्हंजे तो कामावर हाये. त्याले म्या ठेवलाच भुकासाठी.

तुले जागलीचं काय माहीत? तू शिकणारी पोरगी, वावरात आली तं बोरं खायले आली. आयक. रातच्याले जागल करताना मी मचानावर अन् तो खाली. रानडुकराचा कळप कपाशीच्या पऱ्हाटीत नाही तं तुरीत शिरला का मी वरून 'होऽऽ' असा आवाज द्यायचो. माहा आवाज आयकला का तो सुटलाच. त्याच्या भुकण्यानं मले जोर यायचा अन् माह्या वरडण्यानं त्याले. दोघं मिळून असा कल्ला करायचो का डुकरं नाल्यापलीकडं. मंग खाली उतरून त्याले भाकरीचा तुकडा. शिवारात कितीकाच्या तुरी उकरल्या गेल्या, आपल्या नाही गेल्या.

मले वाटते त्याले तिथं एकट्यानं जागल करा लागते. मालक झोपला असं त्याले वाटत असन. तं असं कर, तो भुकला का घरातून एक आवाज देत जा, का आम्ही जागे हावो बा. मंग भाकरीचा तुकडा टाक. पोटात गेलं का बसन.

जूनमधे वावर ठेक्यातून परत घेतो. पेरणीच्या आधी त्याले न्यायले येतो. तेवढे दिवस सांभाळ.

इथली घरमालकीण हंसाबाई भल्ली कडक बाई हाये. कुत्रा तं सोड, पाव्हणा आला तरी कवा जाणार म्हणून इचारते. माह्यं बरं चाललं हाये. जेवतो अन् झोपतो. दुसरं काम काय हाये मले?

तुहा मामा
गोविंदा


राजूर, १० डिसेंबर

प्रिय मामा,
जयभीम.

तुमचं ऐकलं अन् फसली.

मी आवाज देत गेली अन् भाकर टाकत गेली. आता तो भुकते, स्वयंपाकघराकडं वळून पाहते, अन् भाकर यायले वेळ लागला तं आणखी जोरानं भुकते. आधी निमित्त तरी लागत होतं. आता ट्रक नाही, डुक्कर नाही, काही नाही, आपलं बसल्या बसल्या सुरू. माह्या दोन भाकरी रोजच्या जास्त लागून राह्यल्या. अंगानं मात्र भरला. तुम्ही ओळखणार नाही.

आता हसू नका, पुढचं वाचा. मागच्या आठवड्यात घनश्यामले गाडीवर डुलकी लागली अन् भरलेला डंपर रस्त्याच्या कडेच्या मातीच्या बांधावर चढला. बांध होता म्हणून वाचला. पलीकडं खोल खाणच आहे. त्याची बायको माह्या ओट्यावर बसून रडली. भांडली असती तं बरं वाटलं असतं, पण ती नुसती रडली.

संध्याकाळी घनश्याम आला. तुमच्या जावयाले म्हणे, "संक्रांत तक देखता हूँ. फिर ट्रक में डालकर चंद्रपुर के जंगल में छोड़ आऊँगा. ज़हर देनेवाला मैं नहीं हूँ, पर कालोनी में और लोग भी हैं." मामा, त्याचं काही चूक नाही. त्याच्या जागी मी असती तं इतकी थांबली नसती.

कोणी याले काही खाऊ घातलं तं मी तुम्हाले काय तोंड दाखवू? फाटकात कोणी दिसलं की आता मी काम टाकून त्याच्या हातात काय आहे ते पाहते. तुम्ही या अन् कोतवालले घेऊन जा. हंसाबाईच्या पाया पडायचं असन तं मी येऊन पडते.

ममता


यवतमाळ, १७ डिसेंबर

ममता,
जयभीम. कार्डच हाये म्हणून थोडक्यात.

त्याले इथं आणणं जमत नाही. काहून ते इचारू नको.

चंद्रपूरच्या जंगलात सोडू देऊ नको. ते वाघाचं रान हाये अन् आपला येडा वाघावरही भुकत जाईन. तोंडाले मुसकंही बांधू नको. बैलाले मुसकं बांधलं तं तो पीक खात नाही एवढंच, याचं तं सारं जगणंच तोंडात हाये.

तू शिकलेली हायेस, काही तरी कर. मले आता इथून काही सुचत नाही.

गोविंदा


राजूर, ५ जानेवारी २००६

प्रिय मामा,
जयभीम.

तुमचं कार्ड वाचून मले भल्ला राग आला होता. म्हटलं, मामाले वाघाची काळजी आहे, माह्या शेजाऱ्याची नाही. म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. आता दोन गोष्टी झाल्या, म्हणून लिहून राह्यली.

पहिली कोतवालची. अंगणवाडीच्या ट्रेनिंगसाठी मले काही दिवस रोज वणीले जा लागलं. सकाळची गेलेली, दिवे लागता परत. त्याच दिवसांत तुमच्या जावयाचा घसा बसला. इतका की डॉक्टरनं बोलायलेच मनाई केली, अन् ते सुटी टाकून घरी पडले. म्हणजे आवाज देणारं कोणी नाही अन् भाकर टाकणारी मी नाही.

ट्रेनिंग संपून घरी आली तं घनश्यामची बायको म्हणे, "कुत्ता बीमार है क्या?" मी घाबरलीच, मले वाटलं झालं, दिलं कोणीतरी काही. आत जाऊन पाहते तं हा यांच्या बाजेखाली पाय पसरून झोपलेला. तुमच्या जावयानं पाटीवर लिहून लिहून मले सांगितलं. पहिल्या दिवशी हा भुकला, मागे वळून यांच्याकडं पाह्यलं. हे काही बोलले नाही, बोलताच येत नव्हतं. पुन्हा भुकला, पुन्हा पाह्यलं. मग उलीसा, थोडासाच घुरघुरला, आला अन् बाजेखाली बसला. दुसऱ्या दिवशी त्याहून कमी. तिसऱ्या दिवशी आणखी कमी.

मामा, आपण 'चूप' म्हणून ओरडतो ना, त्याले ते 'चूप' ऐकूच येत नाही. त्याले मचानावरचा 'होऽऽ' ऐकू येते. त्याले वाटते मालकही लागला, आता जोर लावा. अन् वरून भाकर! याले मी स्वतः पगार देऊन भुकवत होती. रोग रेड्याले अन् औषध पखालीले, असं चाललं होतं आमचं.

आता घरात कोणी ओरडायचं नाही असं ठरलं. कोणी ओरडलंच तं बाकीच्यांनी त्याच्याकडं पाहायचं. फाटकाले मी पोत्याचा पडदा शिवून लावला, डुकरं दिसतच नाहीत. भाकर तो गप्प बसला असन तवाच द्यायची, अन् आपण होऊन द्यायची, त्यानं मागितल्यावर नाही. घसा सुधारल्यापासून जावई त्याले सकाळी सायकलीसोबत नाल्यापर्यंत पळवून आणतात. खरं तं तोच यांना ओढत नेते. एकदा सायकलसकट बेशरमीच्या झुडपात नेऊन टाकलं. पण दोघंही घरी येतात तवा दमलेले असतात अन् मग घरात शांती असते.

तरी पूर्ण जमलं नाही. एखादं डुक्कर पडद्याखालून तोंड घालते अन् मग हा पेटते. पेटला की बराच वेळ विझत नाही. घनश्याम संक्रांतीचं बोलला आहे, अन् संक्रांत आलीच. म्हणून विचारते, वावरात डुकरं पळून गेल्यावर, भाकर देण्याच्या आधी तुम्ही नेमकं काय करत होते? आठवून लिहा.

दुसरी गोष्ट. विक्की गॅरेजच्या सामानासाठी वणीले आला होता, इथं जेवून गेला. त्यानं सांगितलं की तुम्ही दुपारी झोपेत ओरडता. 'होऽऽ' करून, असं की खालच्या मजल्यावर हंसाबाईच्या हातातलं धान्याचं सूप पडलं. तिनं खोली खाली करा म्हटलं. कुत्रा नेता येत नाही याचं कारण हे होतं तं मले काहून नाही सांगितलं? मी इकडं तुमच्यावर रुसून बसली होती. तुमच्या जिवाले काय होऊन राह्यलं ते मले विक्कीच्या तोंडून ऐका लागलं, याचं फार वाईट वाटलं.

ममता


यवतमाळ, १० जानेवारी

भाची ममता,
जयभीम.

विक्कीच्या पोटात काही राहत नाही. त्याच्या आईसारखाच हाये.

खरं हाये ते. इतके वर्स रातभर जागलो अन् दिवसा झोपलो, तं अजूनही दुपारीच झोप लागते. झोप लागली का मले पऱ्हाटी दिसते अन् पऱ्हाटी हालताना दिसते. मंग मी वरडतो. माह्यं मले काहीच आयकू येत नाही. उठून पाह्यतो तं नात कोपऱ्यात आईले बिलगून उभी. लेकरू माह्याकडं असं पाह्यते, मले लय लाज वाटते ममता. पोराचं बिऱ्हाड माह्यापायी हाललं तं मी कुठी जाऊ? म्हणून तुले लिहिलं नाही. तुह्याकडं एक भुकणारा हाये, त्यात दुसऱ्याचं कायले सांगू?

विक्की घरी असला तं पलीकडच्या खोलीतून वरडते, 'बाबा, चूप!' सूनबाई म्हणे, त्यानं तं तुम्ही आणखीच जोर करता. मी तिचं खरं मानत नोहतो. तुह्यं पत्र आलं अन् म्या ते दोनदा वाचलं. तू कोतवालचं लिहिलं का माह्यं, तेच समजेना.

आता तू इचारलं ते. डुकरं गेले का मी खाली उतरायचो. त्याचं आंग थरथरत राहायचं, तोंड नाल्याकडं. मी बाजूले बसायचो अन् त्याच्या पाठीवर हात ठेवायचो. हात जड ठेवायचा. थोपटायचा नाही, थोपटला तं त्याले खेळ वाटते. बोलायचंही नाही. त्याचा धपापा कमी होईस्तोवर नुसतं बसायचं. मंग तो सोता होऊन खाली बसायचा. भाकर त्याच्यानंतर. हे म्या तुले आधी सांगतलं नाही, कारण हे काम हाये असं मले कधी वाटलंच नाही. मले वाटे मी आपला दम खाऊन राह्यलो.

आणखी एक. जूनमधे न्यायले येतो म्हटलं होतं, ते होत नाही. वावर ठेक्यावरच राहीन. बेणं, खत, फवारा करून कापूस घरी आणा अन् भाव पाहून पुन्हा घरीच ठेवा, यात आता काही राह्यलं नाही असं विक्की म्हणते. म्या भांडून पाह्यलं, पण त्याचं बरोबर हाये. वावर नाही तं जागल नाही. मंग कोतवालले मी कुठी नेऊ? तो आता तुह्या हाती हाये. वाचव.

गोविंदा मामा


राजूर, २९ जानेवारी

प्रिय मामा,
जयभीम.

कोतवाल आहे. आधी हेच लिहिते, म्हणजे तुम्ही पुढचं शांतपणे वाचाल.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी एक डुक्कर पडदा फाडून फाटकापर्यंत आलं. हा पेटला. मी हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर गेली अन् त्याच्या बाजूले बसली. पाठीवर हात ठेवला, जड. सगळ्या पाठीले पीठ लागलं. तोंडाशी 'चूप' आलं होतं, ते दात दाबून आतच ठेवलं. तो आणखी भुकला, मग माह्याकडं पाह्यलं, मग डुकराकडं. मग एक मोठा श्वास सोडला अन् बसला. मामा, मले रडूच आलं. एवढी सोपी गोष्ट अन् आपण किती ओरडलो.

तवापासून रोज तेच. आता बरेचदा हात ठेवाही लागत नाही, मी बाजूले येऊन उभी राह्यली की तो बसते. अगदीच मुका झाला असं नाही. दूधवाल्यावर दोनदा भुकते, त्याचा तेवढा हक्क आहे असं आम्ही मानून घेतलं.

संक्रांतीच्या दिवशी घनश्याम आला. मी धसकली. तो म्हणे, "भाभी, कुत्ता कहाँ छोड़ आए? मैंने तो बस बोला था. मेरा इतना मन नहीं था." दोन दिवस भुकणं ऐकू आलं नाही तं त्याले वाटलं आम्ही त्याच्या भीतीनं आधीच सोडून आलो. झोप चांगली होत होती अन् तरी मनाले लागलं होतं बिचाऱ्याच्या. मी कोतवालले बाहेर आणून दाखवलं. घनश्यामनं त्याच्या पाठीवर हात ठेवला अन् हा गुमान त्याच्या पायाशी बसला. आता सुटीच्या दिवशी तोच त्याले नाल्यावर नेते. तुमचे जावई नाराज आहेत, त्यांची सायकल ओढणारं कोणी राह्यलं नाही.

आता तुमचं. मी विक्कीच्या गॅरेजवर फोन केला होता. त्याले म्हटलं, बाबा झोपेत ओरडले तं उलटून ओरडू नको. जवळ जाऊन बस, पाठीवर हात ठेव, अन् बोलू नको. तो आधी हसला. म्हणे, ताई, बाबाले काय कुत्रा समजली काय? मी म्हटलं, कुत्र्यासाठी मी एवढं केलं, तू बापासाठी करून पाह्य. मग तो हसला नाही. राग आला असन तं माह्यावर काढा, त्याच्यावर काढू नका. हंसाबाई नाहीच ऐकली तं आमची ओसरी आहे, अन् तिथं तुमच्या ओळखीचं कोणी आहे.

तुमची
ममता


यवतमाळ, १२ फेब्रुवारी

भाची ममता,
जयभीम.

कोतवाल तिथंच राहू दे. आता तो तुह्या अन् त्या डंपरवाल्याचा. मी भेटीले येईन, न्यायले येणार नाही. माह्याकडं पाहून त्याले उगाच जागल आठवाची.

हंसाबाईनं खोलीचं बोलणं सोडलं. वरडणं बरंच कमी झालं म्हणते सूनबाई. नात आता दुपारी माह्याच बाजेवर येऊन खेळते.

तुह्यावर राग काढाचा होता, पण काढता येत नाही. पंधरा दिवसामांगं एका दुपारी जाग आली तं पाठीवर हात. मले वाटलं सूनबाईनं पांघरूण टाकलं. मंग ग्रीसचा वास आला, विक्की होता. गॅरेजातून जेवायले आला होता. काही बोलला नाही, नुसता बसून होता. लहान होता तवा मी रातभर वावरात अन् दिवसा झोपलेला. 'बाबा झोपले हायेत, तिकडं जाऊ नको' असंच त्याची आई त्याले म्हणे. तं तो कधी जवळ आलाच नाही, अन् म्याही बलावलं नाही. त्याचा हात एवढा मोठा अन् जड झाला हे मले तवा समजलं. डोळे उघडले असते तं तो लाजून उठून गेला असता. म्हणून मी तसाच पडून राह्यलो. त्याची भाकर थंडी झाली असन.

आता झोपेत वरडणं होतच नाही फारसं. पण हंसाबाई बाजारात गेली असली अन् विक्की जेवायले घरी आला असला, का मी जागेपणीच उलीसा 'होऽऽ' करतो. तो येऊन बसते. हे त्याले सांगू नको.

तुहा मामा
गोविंदा